फाडलेली चिठ्ठी : राजकोटमधल्या एका घरगुती चोरीचा प्रकरण अभ्यास

लोभात सापडलेल्या माणसाला दयेने सुधारता येतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि दाखला म्हणून बहुतेक जण एखादी बोधकथा पुढे करतात. बोधकथेतला चोर शेवटी सुधारणारच असतो, कारण कथा रचलेलीच त्यासाठी असते. म्हणून इथे खरं घडलेलं प्रकरण घेतलं आहे. ते चोरी करणाऱ्यानेच सुमारे चाळीस वर्षांनी आपल्या आत्मकथेत लिहून प्रसिद्ध केलं, आणि त्याचं पुढचं आयुष्य इतकं उघड्यावर गेलं की ‘सुधारला’ या शब्दाची उलटतपासणी करता येते.

चोर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. वय १५. ठिकाण राजकोट.

घर कसं होतं

वडील करमचंद ऊर्फ काबा गांधी, पोरबंदर आणि राजकोट संस्थानांचे दिवाण. राजकोटचे संस्थानिक ठाकूरसाहेब यांच्याबद्दल असिस्टंट पोलिटिकल एजंट हा इंग्रज सरकारचा अधिकारी अपमानकारक बोलला, तेव्हा काबा गांधींनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. माफी मागायला नकार दिला, काही तास अटकेत बसले, पण शब्द मागे घेतला नाही. पैसा साठवण्याची त्यांना हौस नव्हती. मुलांसाठी मागे फारसं काही ठेवलं नाही. स्वभाव तापट. तरी मुलांवर त्यांनी कधी हात उगारल्याचं गांधीजींना आठवत नव्हतं. हे सगळं मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्यांनी जे केलं ते मवाळ, बापुडवाण्या माणसाने केलेलं नाही.

या वेळी ते अंथरुणाला खिळले होते. भगंदराचा त्रास होता आणि साध्या लाकडी फळीवर ते झोपत. जखम धुऊन बांधणं, औषध देणं, रात्री पाय चेपणं ही कामं मोहनदासकडे होती. म्हणजे ज्याच्यापासून गुन्हा लपवायचा, त्याच्याच पायाशी रोज रात्री बसायचं.

चोरीची ही पहिली वेळ नव्हती. १२-१३ वर्षांचा असताना मोहनदासला आणि एका नातलग मुलाला विडी ओढायचा नाद लागला. आधी काकांनी टाकलेली थोटकं, मग ती पुरेनात म्हणून घरच्या नोकराच्या खिशातली चिल्लर. पुढे मोठ्यांच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही याचा दोघांना इतका वैताग आला की त्यांनी धोत्र्याच्या बिया खाऊन जीव द्यायचं ठरवलं. दोन-तीन बिया गिळल्या, धीर सुटला, आणि दोघे देवदर्शन घेऊन घरी परतले. त्यानंतर विडीही सुटली आणि चिल्लर उचलणंही. हा तपशील दयेच्या बाजूने बोलणारे सहसा गाळतात, कारण ही पहिली चोरी कुणाच्याही करुणेशिवाय थांबली. काही सवयी माणूस घाबरून, कंटाळून किंवा स्वतःलाच हसून सोडतो. प्रत्येक सुधारणेमागे कुणाचं तरी थोर मन शोधायची गरज नसते.

सोन्याचा तुकडा

मधल्या भावावर २५ रुपयांच्या आसपास कर्ज झालं होतं. मोहनदासबरोबर चोरून मांस खाणारा भाऊ तो हाच. त्याच्या हातात भरीव सोन्याचं कडं होतं. कड्यातला छोटा तुकडा कापून काढणं अवघड नव्हतं. मोहनदासने तो काढला आणि कर्ज फिटलं.

याला लोभ म्हणावं का? चोरी भावाच्या कड्यातून, पैसा भावाच्याच कर्जासाठी, चोराच्या हाती एक पैही नाही. पण लोभ नेहमी स्वतःचा खिसा भरायलाच येतो असं नाही. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी विश्वासाने सोपवलेल्या पैशांचा अपहार करून तुरुंगात आलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात हावरट, ऐषारामी माणूस केंद्रस्थानी नव्हता. होता तो कुणाला सांगता येणार नाही अशी पैशाची अडचण घेऊन बसलेला माणूस. त्याला दिसलं की ती अडचण गुपचूप सुटेल असा पैसा आपल्या हाताशी आहे, आणि पैशाला हात लावण्याआधीच मनाला पटेल अशी एक सबब त्याने तयार केली. तसंच राजकोटच्या या घरात घडलेलं दिसतं. कर्ज घरात सांगण्यासारखं नव्हतं. सोनं हाताशी होतं. आणि सबबही अशी की तिला खोडून काढायला जरा विचारच करावा लागेल: कडं त्याचं, कर्जही त्याचं, मग चोरी कुणाची?

घरातल्या सोन्याला त्याच घरातला माणूस हात लावतो तेव्हा ही सबब फार सहज सुचते. पतसंस्थेचा कारकून, मंडळाचा खजिनदार, आईच्या पेटीची किल्ली असलेला मुलगा, सगळ्यांचं पहिलं वाक्य ‘परत ठेवणारच होतो’ किंवा ‘आपलंच तर आहे’ असंच काहीसं असतं.

चिठ्ठी

काम फत्ते झालं आणि मोहनदासला ते सोसेना. पुन्हा चोरी करायची नाही हे त्याने ठरवलं, तेही वडिलांना काही कळायच्या आधी. मग वडिलांना सांगायचं ठरवलं, पण जीभ उचलेना. मार बसेल ही भीती नव्हती. वडिलांना किती दुःख होईल, रागाच्या भरात ते स्वतःचंच कपाळ बडवून घेतील, याची धास्ती होती.

शेवटी त्याने चिठ्ठी लिहिली. तिच्यात गुन्ह्याची कबुली होती. योग्य ती शिक्षा मागितली होती. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका अशी विनवणी होती, आणि पुन्हा कधी चोरी करणार नाही अशी प्रतिज्ञा. थरथरत्या हाताने चिठ्ठी वडिलांना दिली आणि तो फळीसमोर बसला.

काबा गांधी वाचायला उठून बसले. वाचता वाचता डोळ्यांतून पाणी गालांवर आलं आणि कागद भिजला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. मुलगाही रडला. आपण चित्रकार असतो तर तो प्रसंग आजही जसाच्या तसा रेखाटला असता, असं गांधीजींनी उतारवयात लिहिलं आहे.

बोललं कुणीच काही नाही. १८८५ मध्ये काबा गांधी वारले.

हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांतून, भाषणांतून इतका घासला गेला आहे की सगळ्यांच्या लक्षात फक्त अश्रू राहतात. माझ्या मते जास्त बारकाईने पाहायची गोष्ट पुढची आहे. नुसते अश्रू धोक्याचे असतात. आपल्याकडे कित्येक घरांत आईवडिलांचं रडणं हे हत्यार असतं. ‘हे बघायलाच जिवंत ठेवलं का मला देवाने’ हे वाक्य ऐकून मोठी झालेली मुलं सुधारत नाहीत, लपवायला शिकतात. मोहनदासला कपाळ बडवून घेण्याची जी भीती होती, ती नेमकी या हत्याराची भीती होती. अश्रूंनी त्याला कळलं ते एवढंच, की आपल्या कृत्याने कुणाला काय झालं. ते कळायलाच हवं होतं. पण काबा गांधी तेवढ्यावर थांबले असते तर मुलगा आयुष्यभर वडिलांच्या दुःखाचा कर्जदार राहिला असता.

त्यांनी चिठ्ठी फाडली. ती चिठ्ठी म्हणजे लेखी कबुलीजबाब होता, सहीशिक्क्याचं महत्त्व जाणणाऱ्या दिवाणाच्या हातात आलेला. उशाखाली ठेवता आली असती. पुढच्या चुकीच्या वेळी काढून दाखवता आली असती, मोठ्या भावाला, आईला वाचून दाखवता आली असती. तो कागद नष्ट करून त्यांनी मुलावरची आपली पकड सोडून दिली. माफ केलं असं तोंडाने म्हणणारा माणूस बरेचदा ती पकड राखून ठेवतो. माफीची आठवण करून द्यायला त्याला वर्षं पुरत नाहीत. मुलाला सुधारलं ते या सोडण्याने, असं हे प्रकरण वाचताना मला पुन्हा पुन्हा वाटतं.

गांधीजींचं स्वतःचं निदान थोडं वेगळं आहे. अशी क्षमा वडिलांच्या स्वभावात नव्हती, असं ते स्पष्ट लिहितात. मग ती आली कुठून? आपल्या निर्मळ कबुलीतून, असं त्यांचं उत्तर. ज्याला ऐकून घ्यायचा अधिकार आहे त्याच्यासमोर, पुन्हा न करण्याच्या प्रतिज्ञेसह दिलेली कबुली, हे त्यांच्या लेखी शुद्ध प्रायश्चित्त. त्या वेळी आपल्याला यात फक्त पित्याचं प्रेम दिसलं, ती शुद्ध अहिंसा होती हे नंतर उमगलं, असंही ते म्हणतात. यातली अर्धी गोष्ट मला पूर्ण पटते: पकडलं जाण्याआधी सांगितलं, म्हणून वडिलांना चौकशी करावी लागली नाही, आणि चौकशी सुरू झाली की करुणेला जागा फार थोडी उरते. पण श्रेय सगळं कबुलीला देणं म्हणजे पन्नाशी उलटून गेलेल्या लेखकाने तापट बापावर थोडा अन्याय करणं आहे. कबुली मिळाल्यावरही उभाआडवा फाडून खाणारे बाप कमी नसतात.

सोनं पुन्हा समोर येतं

आता उलटतपासणी. १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतायला निघाले, तेव्हा तिथल्या नाताळ वसाहतीतल्या भारतीय लोकांनी भेटींचा वर्षाव केला. सोन्याचे, चांदीचे, हिऱ्यांचे जिन्नस. कस्तुरबांसाठी ५० गिनी (इंग्रजी चलन) किमतीचा सोन्याचा हार. त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही, खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. ठेवणं जड जात होतं आणि सोडणंही सोपं नव्हतं. अखेर त्यांनी सगळ्याचा विश्वस्तनिधी करायचा, तिथले व्यापारी पारशी रुस्तमजी वगैरेंना विश्वस्त नेमायचं, असा मसुदा रात्रीच लिहून काढला. पंधरा वर्षांच्या वयातली प्रतिज्ञा इथे कसाला लागली आणि टिकली. हे सोनं तर चोरीचंही नव्हतं.

पण याच प्रसंगाची दुसरी बाजू आहे, आणि ती कस्तुरबांची आहे. गांधीजींनी आधी मुलांना पटवलं आणि मुलांना वकील करून आईकडे नेलं. कस्तुरबा सहजी ऐकणाऱ्या नव्हत्या. मुलं तुमच्या तालावर नाचतील, पण माझ्या उद्याच्या सुनांचं काय? हार मला मिळाला आहे, त्यावर तुमचा काय हक्क? तुम्ही सेवा केली म्हणता, मग तुमच्या घरात रात्रंदिवस मी राबले ती सेवा नव्हती का? या प्रश्नांतला एकही प्रश्न मला लोभी वाटत नाही. उद्याची काळजी करणाऱ्या, स्वतःच्या नावावर काहीच नसलेल्या बाईचे ते प्रश्न आहेत. गांधीजींनीही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे की त्यांनी कशीबशी तिच्याकडून संमती मिळवली. दागिने बँकेत गेले. पुढे पत्नीलाही हे पटलं, असं ते म्हणतात.

पटलं होतं का? १९२९ च्या एप्रिलमध्ये, आत्मकथेचं शेवटचं प्रकरण छापून झाल्याला जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा गांधीजींनी ‘नवजीवन’ या आपल्या गुजराती साप्ताहिकात आपल्या दुःखाची आणि लाजेची कहाणी म्हणून एक लेख लिहिला. मुलासारखे वाढवलेले, साबरमती आश्रमात राहणारे नातलग छगनलाल गांधी यांनी केलेल्या बारीकसारीक चोऱ्या त्यात होत्या. आणि कस्तुरबांबद्दलही होतं. खाजगी पैसा बाळगायचा नाही हा आश्रमाचा नियम असताना त्यांनी पूर्वी वेळोवेळी भेट मिळालेले शे-दोनशे रुपये जवळ ठेवले होते. आश्रमात चोर शिरले तेव्हा ते उघडकीला आलं. त्यांना पश्चात्ताप झाला. नंतर कुणी पाहुण्यांनी ४ रुपये दिले, तेही त्यांनी कार्यालयात जमा न करता ठेवून घेतले. एकाने ते लक्षात आणून दिलं. पैसे जमा झाले, आणि पुन्हा असं आढळलं तर आश्रम सोडून जाईन असं कस्तुरबांनी सांगितलं. हे सगळं पतीने वर्तमानपत्रात छापलं. छगनलाल आश्रमातून गेले.

तुलना अटळ आहे. पित्याने मुलाचा कबुलीजबाब फाडला. त्याच मुलाने पत्नीची चूक देशभर पोचवली. स्वतःची चोरी गांधीजींनीही छापलीच होती, पण ती स्वतःची होती. दुसऱ्याची कबुली त्याच्या वतीने देता येत नाही. ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये लाजेचे दोन प्रकार वेगळे केले: कृत्याची लाज वाटायला लावून माणसाला पुन्हा आपल्यात घेणारी, आणि माणसावरच शिक्का मारून त्याला बाहेर ठेवणारी. काबा गांधींची खोली पहिल्या प्रकारात बसते. १९२९ चा लेख दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकतो, कारण लिहिणाऱ्याला पत्नीबद्दल आदर आहे, तिच्या त्यागाचं कौतुकही त्यात आहे, आणि तरीही ४ रुपयांची नोंद कायमची झाली आहे.

जिथे दया उपयोगी पडली नाही

राजकोटच्या त्याच वर्षांतला आणखी एक माणूस या प्रकरणात आणायला हवा. शेख मेहताब हा राजकोटचा मित्र. मोहनदासला चोरून मांस खायला लावणारा तोच. आई, थोरला भाऊ, पत्नी, तिघांनीही त्याच्याबद्दल सावध केलं होतं. मोहनदासचं उत्तर तयार होतं: त्याचे दोष मला माहीत आहेत, मी त्याला सुधारण्यासाठीच त्याची संगत धरली आहे. ही संगत कित्येक वर्षं चालली. पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी त्याला स्वतःच्या घरात ठेवलं. एके दुपारी स्वयंपाक्याने त्यांना कार्यालयातून बोलावून आणलं, तेव्हा मित्राच्या खोलीत वेश्या सापडली. गांधीजींनी त्याला घराबाहेर काढलं. तो धमक्या देऊ लागल्यावर पोलीस बोलावण्यापर्यंत गोष्ट गेली.

इथे प्रेम कमी पडलं नव्हतं. फरक मला असा दिसतो की मोहनदास मित्राला सुधारायला निघाला होता, आणि काबा गांधी कुणालाच सुधारायला निघाले नव्हते. ज्याला सुधारायचं आहे त्याच्यापेक्षा आपण एक पायरी वर उभे राहतो आणि ते त्याला बरोबर कळतं. शिवाय मेहताबने कधी काही कबूल केलंच नव्हतं. न मागितलेली क्षमा त्याला फुकटची सोय वाटली असेल तर नवल नाही. सुधारकाने ज्याला सुधारायचं त्याच्याशी जिवलग मैत्री करू नये, असा निष्कर्ष गांधीजींनी स्वतःच काढला आहे.

गंमत म्हणजे हा मेहताब पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या बाजूने कविता करू लागला आणि १९१३ च्या लढ्यात त्याची पत्नी फातिमा तुरुंगात गेली. हाकलून दिल्यानंतर, कुणी मागे लागलेलं नसताना.

चिठ्ठी फाडायचा अधिकार कुणाला आहे

१९२९ च्या गांधीजींच्या बाजूने एक मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि आजच्या संस्थांत हे प्रकरण लावून पाहताना तो टाळता येणार नाही. राजकोटमधलं सोनं घरचं होतं. काबा गांधी घराचे प्रमुख होते. नुकसान सोसायचा आणि सोडून द्यायचा अधिकार त्यांचा होता. आश्रमाचा पैसा लोकांनी दिलेला होता. दुसऱ्याचा पैसा सोडून देणं ही दया नव्हे, तीही एक उधळपट्टीच. एखाद्या संस्थेचा अध्यक्ष खजिनदाराच्या डोळ्यांत पाणी पाहून ताळेबंद झाकतो, तेव्हा तो स्वतःच्या खिशातून काहीच देत नसतो.

म्हणून असं प्रकरण समोर आलं तर मी आधी दोन गोष्टी वेगळ्या ठेवीन. पैसा आणि हिशेब यांत सूट नाही: रक्कम परत, नोंद पुरी, किल्ली दुसऱ्याकडे. किल्ली काढून घेणं ही शिक्षा नसते, ज्याला मोह झाला त्याला मोहापासून दूर ठेवणं असतं; सोन्याचं कडं समोर नसतं तर मोहनदासला कापायला काही नव्हतं. माणूस हा वेगळा भाग. त्याने स्वतः येऊन सांगितलं का, की पकडला गेला? कोणती अडचण तो कुणाला सांगू शकत नव्हता? भावाचे २५ रुपये कुणाला तरी मोकळेपणाने सांगता आले असते, तर कड्यापर्यंत पाळीच आली नसती. आणि हिशेब मिटल्यावर त्याच्या चुकीचा कागद आपण कशासाठी जपून ठेवतो आहोत?

कस्तुरबांचे ४ रुपये लेख छापायच्या आधीच जमा झाले होते. आश्रमाचा हिशेब पुरा झाला होता. त्यानंतर ती गोष्ट वाचकांपर्यंत नेण्याने आश्रमाच्या पैशाची सुरक्षितता वाढली असं मला दाखवता येत नाही. आश्रमवासीयांच्या सभेत सांगणं पुरेसं झालं असतं, आणि तेही कस्तुरबांनी स्वतः सांगितलं असतं तर जास्त बरं.